नानांना इमान ओळखता येतं

विमानाला कुणी 'इमान' म्हटलं की नानांच्या अंगावर झुरळ पडल्यासारखं व्हायचं. नाना म्हणजे शालिग्राम बऱ्हाटे, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. उभी हयात टिपण्या शुद्ध करण्यात गेलेली, त्यामुळे शब्द जिथल्या तिथे लागायचा. आणि नेमकं घर बांधलं ते जळगावात, नशिराबादच्या अंगाला, जिथे 'वि' हे अक्षर लोकांच्या तोंडात टिकत नाही. विहिरीची इहीर होते, विठ्ठलाचा इठ्ठल होतो, तसं विमानाचं इमान. "वि-मान," नाना दर वेळी ओठ आवळून सांगायचे. "इमान म्हणजे निष्ठा, प्रामाणिकपणा. तो शब्द वेगळा."

"तेच ते, नाना," शेजारचे झुलाल पाटील म्हणायचे. "दोन्ही वरतून जातस. आपले कुठे सापडतस?"

झुलालभाऊ मूळचे शिरपूरचे. एसटीत कंट्रोलर होते आणि आवाज अजून स्टँडवरचाच होता. घरात चहा मागितला तरी तीन गल्ल्यांना कळायचं. त्यांचा मुलगा नवल धुळ्याला नोकरीला. दर रविवारी लाल एसटीने यायचा, बापाशी कडाक्याचं भांडायचा, पोटभर जेवायचा आणि सोमवारी पहाटे परत. झुलालभाऊ सोमवारभर त्याच्या नावाने बोटं मोडायचे, आणि नाना ते कुंपणापलीकडून मुकाट्याने ऐकायचे. मुलाच्या नावाने बोटं मोडायलाही मुलगा येऊन गेलेला असावा लागतो. हे सुख नानांच्या वाट्याला तीन वर्षं आलं नव्हतं.

नानांचा हितेंद्र हैदराबादला, कॉम्प्युटरच्या मोठ्या कंपनीत. सून मयुरीही तिथेच. दोघं चांगली होती, फोन करायची, आईच्या वाढदिवसाला केक घरपोच पाठवायची. फक्त यायची नाहीत. त्याचं कारणही रास्त होतं. जळगावला विमान नव्हतं. संभाजीनगरला उतरायचं, तिथून गाडी करायची, आणि पहूर येईपर्यंत मयुरीची पाठ धरायची. "डायरेक्ट फ्लाइट सुरू होऊ दे पप्पा, मग बघा, दर महिन्याला येतो की नाही," हितेंद्र म्हणायचा. नाना ते वाक्य जसंच्या तसं कॉलनीत सांगायचे. कॉलनी मान डोलवायची. नानांची पत्नी बेबाबाई मान डोलवायच्या नाहीत, पण त्यांचा गुडघा दुखत असायचा, त्यामुळे त्या कशालाच मान डोलवत नाहीत असं नानांनी ठरवून टाकलं होतं.

आणि मग घात झाला. जळगाव ते हैदराबाद थेट विमान सुरू झालं.

शहराला आनंद झाला. केळीच्या व्यापाऱ्यांनी पेढे वाटले. कॉलनीतले लोक गच्चीवर चढून हात हलवायला लागले. एकट्या नानांचा चेहरा उतरला, कारण हितेंद्रने इतकी वर्षं जीव लावून जपलेली सबब आता आठवड्यातून अनेकदा त्यांच्याच गच्चीवरून, चाकं खाली सोडून, घरघर करत जायला लागली. ती गेली की कुंपणापलीकडून झुलालभाऊंची हाक यायची.

"नाना! हितेंद्र याच इमानमा शे का?"

पहिल्यांदा नाना म्हणाले, "नाही, त्याला सुट्टी नाही." दुसऱ्यांदा म्हणाले, "पुढच्या महिन्यात." तिसऱ्यांदा काय म्हणावं ते सुचेना. वर बघत बघत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बोईंग दिसतंय."

चमत्कार झाला. झुलालभाऊ हितेंद्रला विसरले. "बोईंग? ते कसं वळखं तुम्ही?" समोरच्या कमलबाईंनी कपडे वाळत घालायचे थांबवले. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला बाहेर आला. नानांनी इंजिन, शेपूट, आकार असं काहीतरी ठोकून दिलं आणि ते घरात येऊन थंड पाणी प्यायले. प्रश्न मुलाचा विचारला तर उत्तर विमानाचं द्यावं, हा शोध त्यांना त्या सकाळी लागला. सरकारी नोकरीत उभा जन्म त्यांनी हेच केलं होतं. पाण्याची चौकशी आली की उत्तर सिमेंटचं द्यायचं. निवृत्तीनंतर ते कसब गंजू दिल्याचा त्यांना पश्चात्ताप झाला.

पण त्याच रात्री व्हिडिओ कॉलवर त्यांनी फुशारकीने ही गोष्ट सांगितली आणि मयुरी खो खो हसली. "पप्पा, जळगावला बोईंग? ते छोटं एटीआर असतं. पंख्याचं!" हितेंद्रही हसला. हसता हसता दोघांना दुसरा कॉल आला आणि पडदा काळा झाला. काळ्या पडद्यात नानांना आपलाच चेहरा दिसला, तोंड उघडं राहिलेला.

अपमान नानांना नवा नव्हता. पण सुनेने केलेला, तोही दुरुस्तीच्या स्वरूपात केलेला अपमान त्यांच्या वर्मी लागला. लोकांच्या चुका दुरुस्त करणं हे त्यांचं खातं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकात जाऊन दुर्बीण आणली, मोबाइलवर जगभरातली विमानं बघायला घेतली, आणि कपाटाच्या दाराला आतून, जिथे बेबाबाईंनी कुलदेवतेचा फोटो लावला होता, तिथे विमानांच्या आकृत्या चिकटवल्या. देवी एक फळी वर गेली.

"काय करू राह्यले तुम्ही हे?" बेबाबाईंनी विचारलं.

"अभ्यास."

"वाट पोराची, आन् अभ्यास इमानाचा?"

"विमानाचा," नाना म्हणाले.

अभ्यासाची मात्र खरंच गोडी लागली. नानांना कळलं की विमान म्हणजे नुसतं विमान नसतं, त्याला माणसासारखं नाकडोळे असतात. एअरबसचं नाक भरताच्या वांग्यासारखं गोल, बोईंगचं निमुळतं. बोईंगच्या शेपटाच्या बुडाशी एक तिरपी घडी असते, एअरबसचं शेपूट सरळ उगवतं. लहान बोईंगचं इंजिन खालून चपटं, जमिनीला घासेल म्हणून दाबून बसवलेलं. आणि एटीआर तर शेपटीने टी काढून उभं असतं. पाठीवरून आडवा एकच लांब पंख, त्याला दोन बाजूंना दोन पंखे. नाना वेड्यासारखे बघायला लागले. आकाशात फार उंचावरून मुंबईहून दिल्लीकडे जाणारी विमानंही त्यांच्या नजरेतून सुटेनात. अशा वेळी गुडघे, रक्तदाब, हितेंद्र, सगळं विसरायला व्हायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादी गोष्ट कुणाच्या सहीशिवाय येत होती.

शिष्यही मिळाला, झुलालभाऊंच्या रूपाने. नाना त्यांना कुंपणापाशी उभं करून शिकवायचे.

"एकच गोष्ट लक्षात ठेवा, झुलालभाऊ. पंख खिडक्यांच्या वर असला की एटीआर. पंख खिडक्यांच्या खाली असला की एअरबस किंवा बोईंग. आत बसून बाहेर पाहिलं तरी तेच. एटीआरमध्ये डोक्यावर पंख दिसतो, बाकीच्यांत पायाखाली. यात चूक होणं शक्य नाही."

"वर एटीआर, खाले दुसरं," झुलालभाऊ घोकायचे. बेबाबाई ओट्यावर तांदूळ निवडत असायच्या. त्यांना कुणी शिकवत नव्हतं.

विद्या वाढली तशी संकटं वाढली. पहिलं संकट कमलबाईंचं. विमान यायची वेळ आणि कमलबाईंची गच्चीवर केस वाळवायची वेळ एकच होती, आणि विमान यायचं ते बरोबर त्यांच्या टाकीच्या मागून. नाना दुर्बीण लावून एटीआरची वाट बघायचे. कमलबाईंनी चार दिवस सहन केलं, पाचव्या दिवशी बेबाबाईंना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. प्रकरण काय आहे ते बेबाबाईंना कळायला आठवडा लागला. मग त्यांनी दुर्बीण डाळीच्या डब्यात पुरली.

नाना दुर्बीण उकरून विमानतळाकडे चालत जायला लागले. भिंतीबाहेर मोकळं रान, बाभळीची सावली, कुणाची गच्ची नाही, कुणाचे केस नाहीत. तिथे ते उभे राहायचे, दुर्बिणीतून पाहायचे आणि उतरलेल्या विमानाचा मोबाइलवर फोटो काढायचे. तिसऱ्या दिवशी पाठीमागून कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पोलीस चौकीत हवालदार सभ्य होता. त्याने नानांना खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "बाबा, कोणासाठी बघता?"

"कोणासाठी म्हणजे?"

"म्हणजे बघून कोणाला सांगता?"

नाना गोंधळले. खरं उत्तर 'झुलालभाऊंना' असं होतं. "स्वतःसाठी बघतो," ते म्हणाले. "विमानं नुसती नजरेने ओळखायची असतात. छंद आहे."

"ओळखून काय करता?"

"काही नाही."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. चोरी करायला बघतो, फोटो विकायला बघतो, असं काही असतं तर त्याला लिहिता आलं असतं. काही करायचं नाही आणि तरी बघायचं, याला त्याच्याकडे कलम नव्हतं. त्याने तीन ठिकाणी फोन केला. शेवटी जबाब लिहिला, आणि नानांनी तो वाचला मात्र, त्यांचा तोल गेला. लिहिलं होतं, 'सदर इसम हा भिंतीलगत उभा राहून इमान निरखून पाहत असताना मिळून आला.'

"वि-मान!" नाना ओरडले. "मी यावर सही करणार नाही! आधी शब्द शुद्ध करा!"

इतका वेळ जो म्हातारा निरुपद्रवी वाटत होता, त्याच्याकडे आता सगळे संशयाने बघायला लागले. ओळख पटवायला कुणाला तरी बोलवा म्हणाले. गुडघ्यामुळे बेबाबाईंना येणं जमणार नव्हतं, आणि नानांच्या मोबाइलमध्ये दुसरा जवळचा म्हणावा असा नंबर एकच निघाला, झुलालभाऊंचा. हितेंद्रचा त्यांनी आधी लावून बघितला होता, तो उचलला गेला नाही.

झुलालभाऊ आले ते रिक्षातून उतरायच्या आधीच बोलायला लागले होते. "सायेब! नाना गरीब मानूस शेतस! यास्ले फक्त इमान वळखानी सवय शे! यास्ना पोऱ्या इमानथीन येई राह्यना, म्हनीसन हाई बठ्ठं!"

"असं होय!" हवालदाराचा चेहरा उजळला. वेडेपणाला आता कारण मिळालं होतं. "मुलगा येतोय? मग आधी नाही का सांगायचं? कधी येतोय?"

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. झुलालभाऊंकडे पाहिलं. येत नाही म्हटलं असतं तर परत पहिल्यापासून सगळं आलं असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते मोठ्याने म्हणावं लागलं असतं.

"येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी," नाना म्हणाले.

हवालदाराने पेनाने 'इ'चा 'वि' केला आणि नानांनी सही केली. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी एवढी मोठी थाप मारलेला हेडक्लार्क दुसरा नसेल.

त्या दिवसापासून प्रकरण नानांच्या हातात राहिलं नाही. झुलालभाऊंना सांगितलेली गोष्ट गुप्त राहावी अशी अपेक्षा एसटी स्टँडवरच्या भोंग्याकडूनही कुणी केली नसती. संध्याकाळपर्यंत कॉलनीला कळलं. सकाळी दूधवाल्याने अभिनंदन केलं. कमलबाईंनीही नानांना माफ केलं. बिचारा मुलाची वाट बघत होता, आणि आपण काय समजलो! बेबाबाईंनी मात्र नानांसमोर फोन धरला.

"लावा त्याले. मंग सांगा जगाले."

हितेंद्रने दुसऱ्या दिवशी फोन उचलला. नानांनी चौकी सांगितली नाही. फक्त म्हणाले, "वांग्यांचा हंगाम आहे. आई म्हणत होती, पुढच्या रविवारी भरीत करू." पलीकडे की-बोर्डची टकटक थांबली. मग हितेंद्र म्हणाला, "रविवार ना? बघतो पप्पा. नाही, येतो. नक्की येतो. तिकीट काढतो." नानांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

आता भरीत घरात चार माणसांत करणं शक्यच नव्हतं. झुलालभाऊ म्हणाले, भरीत शेतात. नानांचा चुलतभाऊ अभिमन याचं शेत नशिराबादच्या अलीकडे, आणि विमान उतरताना बरोबर त्या शेतावरून जातं. म्हणजे खाली भरताची पार्टी चाललीय, वरून हितेंद्र येतोय, खालून कॉलनी हात हलवतेय, आणि नाना सगळ्यांना सांगताहेत की बघा, एटीआर. नंतर अभिमनने गाडी घेऊन जायचं आणि पोराला थेट वाफाळत्या पातेल्यापाशी आणायचं. योजना इतकी सुंदर होती की नानांना भीती वाटायला लागली. इतकी सुंदर योजना त्यांच्या खात्यात कधीच पूर्ण झाली नव्हती.

रविवारी सकाळी सगळी कॉलनी शेतात होती. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला होता, त्यावर हिरवी मोठी वांगी भाजत पडली होती, बायका मिरच्या आणि कांद्याची पात कुटत होत्या. बेबाबाई गुडघ्याला पट्टी बांधून कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या लाटत होत्या. हितेंद्रला पहिल्या घाण्यातली लागते म्हणून त्यांनी पहिल्या पुऱ्या फडक्यात बांधून बाजूला ठेवल्या. नाना धुतलेला पांढरा सदरा घालून, दुर्बीण गळ्यात अडकवून, बांधावर उभे होते. फक्त एक गोष्ट योजनेत नव्हती. धुकं. केळीच्या बागांवर ते असं बसलं होतं की समोरची विहीर दिसेना, मग आकाश कुठलं.

विमानाची वेळ झाली. सगळे वर बघत राहिले. वेळ टळली. वांगी सोलून झाली, ठेचून झाली, फोडणी पडली. लहान मुलं पातेल्याभोवती फिरायला लागली. "येस, येस, इमान येस," झुलालभाऊ सगळ्यांना धीर देत होते, जसं काही ती त्यांच्याच डेपोची गाडी होती.

मग बेबाबाईंच्या फोनवर मेसेज आला. त्यांनी पिठाच्या हातांनी फोन नानांना दिला. नानांनी मोठ्याने वाचला, कारण सगळे तोंडाकडे बघत होते. 'आई, जळगावच्या वर आलो होतो पण धुक्यामुळे उतरू दिलं नाही. विमान परत हैदराबादला चाललंय. खूप वाईट वाटतंय. पुढच्या वेळी नक्की. हा खिडकीतून काढलेला फोटो.'

सगळीकडून हळहळ उठली. "इतलं जोडे येईसन!" झुलालभाऊ कळवळले. कमलबाईंनी डोळ्याला पदर लावला. इतक्या जवळ येऊन परत गेलेला मुलगा न आलेल्या मुलापेक्षा फार मोठा होतो. क्षणभर नानांचीही छाती भरून आली. मग त्यांनी फोटो उघडला.

पहिल्यांदा त्यांना आनंद झाला. हे लिहायला नको वाटतं, पण तसं झालं खरं. खिडकीच्या खाली लांबलचक पंख, पुढे निमुळता होत गेलेला, टोकाशी वर वळलेला. खाली पांढरे ढग. एअरबस तीनशेवीस! नजर पडताक्षणी ओळखलं! इतक्या महिन्यांच्या अभ्यासाचं असं चीज कधी झालं नव्हतं. आणि मग त्या आनंदाच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट कळली, सावकाश, पायापासून वर चढत.

जळगावला एअरबस येत नाही. येतं ते एटीआर, आणि त्याचा पंख खिडकीच्या वर असतो. हितेंद्र त्या विमानात बसलाच नव्हता. तो दुसऱ्याच कुठल्या तरी विमानात बसला होता, दुसऱ्याच कुठल्या तरी गावाला निघाला होता. किंवा हा फोटो जुना होता. जळगावात धुकं आहे एवढं त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. उडत्या विमानातून मेसेज येत नाही, हेही नानांना आता सुचलं. नानांना राग यायला हवा होता. आला तो स्वतःच्या दुर्बिणीचा. हा उपद्व्याप केला नसता तर आज तेही इतरांसारखे हळहळत असते, आणि त्या हळहळीत किती सुख होतं!

"पाहू बरं," बेबाबाई म्हणाल्या. त्यांनी फोन घेतला आणि फोटो बराच वेळ पाहिला. मग नानांकडे पाहिलं. "हेच ना त्याचं इमान?"

नानांनी ओठ आवळले नाहीत. "हेच," ते म्हणाले. "एटीआर."

फोन हातोहात फिरला. लोकांनी ढगांचं कौतुक केलं, पंखाचं कौतुक केलं. फिरत फिरत तो झुलालभाऊंकडे आला आणि तिथे अडकला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, आडवा केला.

"नाना," ते म्हणाले, "पंख खिडकीना खाले शे."

नानांनी गळ्यातल्या दुर्बिणीचा पट्टा सरळ केला.

"वर एटीआर, खाले दुसरं. तुम्हीच सांगेल व्हतं ना? चूक व्हवावच नही म्हने."

"माझी समजूत चुकीची होती," नाना म्हणाले. आवाज ऑफिसातला निघाला, त्यामुळे त्यांना बरं वाटलं. "मी पुन्हा तपासलं. एटीआरचा पंख खालीच असतो."

आणि नेमकी त्याच वेळी वरून घरघर आली.

धुकं विरायला लागलं होतं. त्यातून ते खाली उतरत आलं, उशिराने, पण नेहमीसारखं, चाकं सोडून, शेपटीने टी काढून. पाठीवर आडवा पंख आणि दोन्ही बाजूंना गरगरणारे पंखे. ते शेतावरून इतकं खालून गेलं की त्याच्या खिडक्या मोजता आल्या असत्या. कुणी हात हलवला नाही. हैदराबादचं विमान, जे हितेंद्रला घेऊन परत गेलं होतं, ते साऱ्या कॉलनीच्या डोक्यावरून जाऊन भिंतीपलीकडे उतरलं.

सगळ्यांची तोंडं नानांकडे वळली. "नाना, हे कोणतं?" कमलबाईंनी विचारलं.

नाना त्या आवाजावरून, डोळे मिटूनही, त्याचं नाव सांगू शकले असते. "हे ते नव्हे," ते म्हणाले. "हे बोईंग आहे."

कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही, नानांच्याच कृपेने, हे बोईंग नाही हे माहीत होतं. झुलालभाऊंनी उतरलेल्या विमानाकडे पाहिलं, हातातल्या फोटोकडे पाहिलं आणि शेवटी नानांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरचा रंग बदलला. मग अचानक ते मांडीवर थाप मारून हसायला लागले, स्टँड गाजवणारं ते हसू.

"नानाले इमान वळखता येत नही!" ते ओरडले. "बठ्ठी कॉलनीले शिकाडं, पोलीसमा जाई वनात, आन् सोताले काडीनं इमान वळखता येत नही! एटीआरले म्हने बोईंग! चाला रे, वाढा! भरीत थंडं व्हई जाई!"

पहिल्यांदा अभिमन हसला, मग कमलबाई, मग सगळे. हसता हसता पंगत बसली. पंगतभर विषय एकच, नानांचं अज्ञान. कुणी म्हणालं दुर्बीण उलटी धरत असतील. हितेंद्रचं नावही कुणाच्या तोंडी आलं नाही. झुलालभाऊ वाढत होते आणि सगळ्यांच्या वर हसत होते, आणि नानांच्या पानाशी आल्यावर त्यांनी नजर दुसरीकडे वळवून भरताचा मोठा गोळा वाढला. इतकी वर्षं या माणसाने केलेली थट्टा नानांनी पचवली होती. ही दया त्यांना गिळवेना. या उपकाराबद्दल झुलालभाऊंना कधीही माफ करायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच घासाला ठरवलं.

दुपारी माणसं पांगली. अभिमन भांडी ट्रॅक्टरवर चढवायला लागला. नाना बांधावर बसून दुर्बिणीच्या काचा सदऱ्याने पुसत होते. बेबाबाई गुडघा धरत आल्या आणि शेजारी बसल्या. पहिल्या घाण्यातल्या पुऱ्यांचं फडकं त्यांच्या मांडीवर तसंच बांधलेलं होतं. रान मोकळं झालं होतं आणि आता आकाश लांबपर्यंत दिसत होतं.

"ते फोटोतलं इमान," बेबाबाई म्हणाल्या, "कोनतं व्हतं ते तर तुम्ही वळखलंच."

नानांनी पुसणं थांबवलं.

"मीबी वळखलं. खाली व्हता पंख." त्यांनी फडक्याची गाठ सोडली, एक पुरी काढून नानांच्या हातात दिली. "कुठी जाऊ राह्यलं व्हतं ते?"

नानांनी पुरी हातात धरली. ती गार होऊन कडक झाली होती.

"ते काही नुसतं पाहून ओळखता येत नाही," ते म्हणाले.